कुळथाच्या पिठाचा डबा

आम्हा दोघांना एचआयव्ही आहे. मला जन्मापासून, नवऱ्याला लग्नाआधी कधीतरी लागला. कसा, ते मी विचारलं नाही. दोघांच्याही गोळ्या चालू आहेत आणि रक्तात आता विषाणू सापडत नाही. हे सासूबाईंना ठाऊक आहे, वाडीत कुणालाच नाही. नवरा मुंबईत नोकरीला, मी रत्नागिरीत सासूबाईंजवळ.

दिवाळीला तो येऊन गेला आणि मला खाज, जळजळ सुरू झाली. सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरसमोर माझ्या तोंडून "इन्फेक्शन" एवढंच निघालं. बाकीचं त्यांनीच विचारून घेतलं. डॉक्टरांनी तपासल्यावर सिस्टरनी गोळ्यांची दोन पाकिटं दिली.

"एक तुझं, एक त्यांचं. त्यांनी नाही घेतलं तर तुझं घेऊन काही उपयोग नाही. दोघांनी घेऊन आठवडा होईपर्यंत जवळ यायचं नाही. आणि पुढेही निरोध हवाच."

"पण आमचा रिपोर्ट चांगला आहे."

"तो एचआयव्हीचा. बाकीचे आजार रिपोर्ट वाचून येत नाहीत."

मुंबईला कुणी निघालं की सासूबाई लेकासाठी कुळथाचं पीठ पाठवतात. नेणाऱ्याला दिसू नये म्हणून मी नवऱ्याचं गोळ्यांचं पाकीट प्लास्टिकमध्ये गुंडाळून डब्याच्या तळाशी ठेवलं आणि त्याला फोनवर सांगितलं. पुढे विचारलं तर म्हणाला, "घेतल्या गं." आईलाही तो सांगायचा, रोज पिठी करून खातो.

जानेवारीत तो दोन दिवस आला. "रिपोर्ट चांगला आहे ना आपला?" म्हणाला. निरोध उशीखालीच राहिला. त्रास परत सुरू झाला. मी परत त्याच रांगेत उभी राहिले, परत तेच सांगितलं, परत दोन पाकिटं घेतली. माझं मी संपवलं, त्याचं घरीच ठेवलं. "ह्या वेळी तुझ्यासमोर घेऊ देत," सिस्टर म्हणाल्या.

शिमग्याला त्याने डबा परत आणला. सासूबाईंनी परसात झाकण उघडलं. पीठ तसंच होतं, आणि त्यात अळ्या.

"मेल्या, रोज पिठी खातोस ना? कुणाच्या तोंडानं?"

"वेळ नाय मिळत गो आई."

त्यांनी डबा कोंबड्यांपुढे उपडा केला. पाकीट खाली पडलं, न फोडलेलं. त्यांनी ते उचललं, त्याच्याकडे पाहिलं, आणि माझ्या हातात दिलं.

मला राग यायला हवा होता. नुसतं पायरीवर बसून राहावंसं वाटलं. तरी आत जाऊन मी नवं पाकीट आणि पाणी आणलं.

"आत्ता घ्या."

"आईसमोर?"

"घे," सासूबाई म्हणाल्या. "मी कोंबड्या बघतेय."

त्याने गोळ्या गिळेपर्यंत मी समोरून हलले नाही. संध्याकाळी माझं अंथरूण सासूबाईंच्या खोलीत नेलं. त्यांनी आपलं भिंतीकडे सरकवून घेतलं. तो निघेपर्यंत मी तिथेच झोपले.

निघताना त्याने आईला विचारलं, "पीठ नाय देत?"

"खाशील तेव्हा माग."

दवाखान्यातून आणलेल्या निरोधांपैकी अर्धे मी त्याच्या देखत बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात ठेवले. मुंबईत कशाला, असं तो म्हणाला नाही. मीही काही विचारलं नाही. उरलेले, धुतलेला डबा उन्हात वाळल्यावर, त्यात घालून कपाटात ठेवले.