मित्राच्या गाडीचे ब्रेक

आमच्या बंद केलेल्या बाल्कनीत कपडे वाळत नाहीत. तिथं टर्बो, सायलेन्सर, स्प्रिंगा असा माल रचलेला असतो आणि त्याच्या वासावरून बायकोची कुरकुर अखंड चालू असते. नोकरी सांभाळून मी गाड्या पळवणाऱ्या वेड्यांना वापरलेले पार्ट विकतो. गिऱ्हाईक सगळं आमच्याच ग्रुपमधलं. नेरूळच्या आमच्या सोसायटीत त्यामुळे मला शिकलेला भंगारवाला समजतात, आणि समजेनात का.

आमच्यात एक रीत आहे. पार्ट कुठल्या गाडीतून निघाला आणि का निघाला, हे विकणाऱ्यानं आधी खरं खरं सांगायचं. तो बसवून झाला की पहिल्या फेरीला विकणाऱ्यानं शेजारच्या सीटवर बसायचं. माल खोटा निघाला तर तूही मर, इतका सरळ मामला. या रीतीचा मला भारी अभिमान होता.

माझा सगळ्यात जवळचा मित्र उरणकडच्या एका खाडीगावातला. शेती गेली, गोदामांचं भाडं सुरू झालं आणि त्यानं हौसेनं एक लहानशी गाडी वाघासारखी करून घेतली. एका सकाळी द्रोणागिरीच्या सरळसोट रस्त्याच्या टोकाला ती गाडी वळणाला वळलीच नाही. सरळ फुटपाथवर चढली आणि त्याच्या बाजूनं खांबाला आदळली. दार आत गेलं, तो जागीच गेला. गाडीची चाकं, इंजिन, सगळं जवळपास शाबूत होतं. ब्रेक फेल झाला, असं स्मशानात कुणीतरी म्हणालं आणि संध्याकाळपर्यंत ते सगळ्यांना पटलं. त्याची बायको, आमची वहिनी, तर त्या एका वाक्याच्या आधारानंच उठायला-बसायला लागली.

पुढे पोलिसांकडून गाडी ताब्यात आल्यावर तिनं ती माझ्याकडे सोपवली. "भाऊजी, काय विकायचं ते विका," ती म्हणाली. "फक्त ते ब्रेक कुणाला देऊ नका. अजून कुणाचं तरी घर बसेल."

मी पार्ट ग्रुपवर टाकले आणि रीतीप्रमाणे गाडीची हकीकतही सांगितली. एरवी तुटून पडणारी मंडळी चिडीचूप. मेलेल्याच्या गाडीचा माल कुणालाच नको होता. मला रागही आला आणि त्यांचं खरंही वाटलं.

मग मित्राचा धाकटा भाऊ आला. हा गाड्यांना नाकं मुरडणारा. पहिल्यांदा स्प्रिंगा घेऊन गेला, मग टर्बो, मग स्टिअरिंग. त्यानं त्याच मॉडेलची, त्याच रंगाची गाडी घेतली होती आणि गोदामाच्या शेडमध्ये मेकॅनिक बसवून भावाची गाडी पुन्हा उभी करत होता. कुणी शर्ट जपून ठेवतं, हा गाडी ठेवतोय, असं मी मनाला समजावलं. तरी तो जिना उतरून गेला की मला घरात बसवत नसे.

शेवटी त्यानं ब्रेक मागितले. मी वहिनीचं नाव सांगून नाही म्हणालो.

"दादा, वयनीला मी सांगितलाय," तो म्हणाला. "मना बगायचाय, ब्रेक लागला नाय का त्यानं दाबलाच नाय."

इतके दिवस हे कुणी तोंडातून काढलं नव्हतं. बाल्कनीत जाताना मी ब्रेकच्या त्या कॅलिपरांकडे पाहायचं टाळत होतो ते याच प्रश्नाच्या धाकानं. मलाही कळायला हवं होतं. मी ब्रेक दिले.

पंधरवड्यानं सकाळी फोन आला. "पयली फेरी हाय. तुमाला बसायला लागंल."

द्रोणागिरीच्या त्याच रस्त्याच्या कडेला कंटेनरचे ट्रेलर ओळीनं उभे होते, ड्रायव्हर स्टोव्हवर चहा करत होते. ती ओळ संपल्यावर रस्ता मोकळा झाला आणि त्यानं गाडी सोडली. टर्बो शीळ घालायला लागला. समोर वळण दिसलं, नवा बसवलेला खांब दिसला.

"आता दाब," मी म्हणालो.

त्यानं दाबला नाही. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो अगदी भावासारखा शांत दिसत होता. मी आईवरून शिवी हासडली, दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला. तेव्हा त्याचा पाय हलला.

पट्टा छातीत रुतला. गाडी केसभरही डावी-उजवी न होता, वळणाच्या बरीच अलीकडे थांबली. इतका चोख ब्रेक मी क्वचितच अनुभवलाय. 

"लागतान ब्रेक," तो म्हणाला.

"ऑइल नवं घातलंयस," मी घाईनं म्हणालो. "तेव्हा लाइनीत हवा असेल. पॅड तापले असतील. यावरून काही ठरत नाही."

"दादा, माल इकताना असा बोलता काय तुमी?"

 एखाद्या पार्टबद्दल मी इतकं लटकं कधीच बोललो नव्हतो.

त्याचा मोबाइल वाजला. वहिनी होती. फेरी आज आहे हे तिला ठाऊक होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी नकाराची मान हलवली, कशासाठी ते दोघांनाही कळलं. त्यानं फोन स्पीकरवर घेतला.

"वयनी, नाय लागला ब्रेक. हळू होतो म्हनून हँडब्रेकवर थांबवली."

 "मी सांगत होते ना," ती म्हणाली आणि मोठ्यानं रडायला लागली. नवरा जाऊन इतके महिने झाले, पण तिला असं मोकळं रडताना मी आजच ऐकत होतो. तो फोन हातात धरून ऐकत राहिला. त्याचा पाय अजून ब्रेकवरच होता.