पाण्याला विचारून

घोडाकाकांना मी प्रथम पाहिलं तेव्हा ते पाण्यातून बाहेर येत होते, आणि हा कार्यक्रम बराच वेळ चालला. आधी डोकं आलं. त्यावर केस नव्हते, म्हणून मला वाटलं कुणाचा तरी चेंडू तरंगतोय. मग मिशा आल्या. त्यांतून एवढं पाणी गळत होतं की एखाद्या गावाच्या उन्हाळ्याची सोय झाली असती. मग खांदे, मग पोट, मग आणखी पोट. माणूस पूर्ण बाहेर आला तेव्हा हौदाची पातळी वीतभर खाली गेली होती आणि कडेला तरंगणारं रबरी बदक पायरीला टेकलं होतं. मी घाबरून भाचीचा हात घट्ट धरला. वास्तविक तिने माझा धरायचा होता, पण ती पाण्याकडे पाठ करून, डोळे मिटून उभी होती. त्यामुळे भ्यायचं काम एकट्या मामावर पडलं.

पाणघोडा हे नाव पोहण्याच्या क्लबातल्या मोठ्या तलावावर पोहणाऱ्यांनी ठेवलेलं. मुलांना ते लांबलचक वाटे, म्हणून घोडाकाका. त्या क्लबाच्या मागच्या अंगाला, कपडे बदलायच्या खोल्यांपलीकडे, कमरेएवढ्या पाण्याचा एक छोटा हौद होता. तिथे लहान मुलांची पाण्याची भीती घालवायची, हे काकांचं काम. पोहायला शिकवायचं नाही, फक्त भीती घालवायची. हा फरक काकांना ठाऊक होता, मुलांना ठाऊक होता, फी भरणाऱ्या आयांना मात्र शेवटपर्यंत पटला नाही.

आमची भाची आकाराने लवंग आणि आवाजाने तोफ, म्हणून तिला घरात लवंगी म्हणतात. न्हाणीघरात एकदा पाय घसरून बादलीत तोंडावर पडली, तेव्हापासून तिचं आणि पाण्याचं बिनसलं होतं. तिचं डोकं धुवायचं असलं की खालच्या मजल्यावरचं जोडपं फिरायला निघून जाई. तिला क्लबात नेण्या-आणण्याचं काम ताईने माझ्यावर सोपवलं. "तू नाहीतरी घरी बसून लिहितोस," ती म्हणाली. म्हणजे मी रिकामा आहे, हे तिने माझ्या धंद्याचं नाव घेऊन सांगितलं.

काकांची पद्धत अशी. मुलांनी हौदाच्या काठावर ओळीने बसायचं आणि पाण्याला विचारायचं, "पाण्या, येऊ का?" काका हनुवटीपर्यंत पाण्यात बसून तोंड जरा बाजूला वळवत आणि पोटातून आवाज काढत, "ये. पण सावकाश." ही काही जादूगाराची कला नव्हती. ओठ हलताना दिसत, मिशा थरथरत, मधूनच पाणी घशात जाऊन ठसका लागे. मुलं डोळे विस्फारून काकांच्या तोंडाकडेच बघत. तरीही बोलत होतं ते पाणीच, याबद्दल एकाही मुलाला शंका नव्हती. लवंगीला मी एकदा विचारून पाहिलं, काकाच बोलतात ना गं? तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी ताई मी कविता वाचून दाखवली की बघते.

शिवाय हे पाणी मोठं भित्रं होतं. नवीन मूल आलं की म्हणे, आज फक्त अंगठा बुडव हं, मला सवय नाही. पुढे कधीतरी गुडघ्यापर्यंत यायची परवानगी देई, तीही कुरकुरत. परिणाम असा झाला की घाबरायचं काम पाण्याने स्वतःकडे घेतलं आणि मुलांकडे धीर द्यायचं काम आलं. बादली बघून किंचाळणारी लवंगी पंधरवड्यात हौदाच्या पायरीवर बसून पाण्याला थोपटू लागली. मी पाय सोडायला गेलो तर मलाच दटावलं, "मामा, हळू. ते दचकतं."

आणि पाण्याने 'ये' म्हटल्याशिवाय कुणीही आत उतरायचं नाही, हा काकांचा एकमेव नियम. मुलं आईबापांचं ऐकत नसत, पण हा नियम पाळत.

घरी मात्र ताईचे हाल झाले. लवंगी आता बादलीलाही विचारू लागली आणि उत्तर मिळेपर्यंत मोरीच्या बाहेर उभी राहू लागली. ऑफिसला उशीर होत असताना ताईला बादलीच्या वतीने बोलावं लागे. एकदा ती करवादून म्हणाली, "ये गं बाई, ये लवकर." तर बाहेरून शांतपणे ऐकू आलं, "बादली असं ओरडत नाही." पण डोकं धुणं सुरळीत पार पडू लागलं. खालच्या जोडप्याचं फिरणं बंद झालं आणि दोघांचीही वजनं वाढली.

आता मॅनेजर. हे गृहस्थ तलावाच्या कचेरीत केस पांढरे होईतो बसले, पण त्यांच्या बुटाला कधी थेंब लागला नव्हता. त्यांना छोट्या हौदाच्या जागी व्यायामाच्या सायकली हव्या होत्या. सायकलीचं पाणी बदलावं लागत नाही, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता. त्यात काही आयांनी तक्रार केली की मूल इतके दिवस जातंय आणि अजून हात मारत नाही, नुसत्या गप्पा मारतं. मॅनेजरांनी काकांना बोलावून सांगितलं की पुढच्या रविवारी क्लबाची कमिटी बघायला येईल. मुलं पाण्यात उतरली, सगळ्यांसमोर तोंड बुडवून दाखवलं, तर वर्ग राहील. नाहीतर हौद बुजला म्हणून समजा.

काकांचा धीर सुटलेला मी त्या आठवड्यात प्रथम पाहिला. मुलं केव्हाच तोंडं बुडवत होती, त्यामुळे काळजीचं कारण नव्हतं. पण नापास व्हायची शक्यता नसलेला विद्यार्थीच जास्त अभ्यास करतो. काकांनी पाण्याची भूमिका वाढवली. पाणी गोष्ट सांगू लागलं, पाढे म्हणू लागलं, कोण काय जेवलं याची चौकशी करू लागलं. मुलं खूश होऊन आणखी विचारत आणि पाणी सकाळ-संध्याकाळ बोलत राही. शनिवारी पाण्याचा आवाज चिरका झाला. रविवारी काका आले ते गळ्याला मफलर गुंडाळून. त्यांनी मला काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि आतून नुसती हवा आली.

मी मॅनेजरांना म्हटलं, पुढच्या रविवारी ठेवा. ते म्हणाले, "त्यांना भाषण कुठे करायचंय? मुलं उतरवायची आहेत फक्त."

कमिटी प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसली. मुलं काठावर ओळीने बसली. काका मफलर सोडून हनुवटीपर्यंत पाण्यात गेले. मुलांनी एकसुरात विचारलं, "पाण्या, येऊ का?"

काकांच्या मिशा हलल्या. दोन बुडबुडे आले.

मुलं थांबली. पुन्हा विचारलं, या वेळी जरा हळू. काकांनी हातांनी 'या, या' अशी खूण केली, पण ते काका बोलावत होते. काकांनी बोलावलेलं मुलांना मान्य होतं, प्रश्न पाण्याचा होता. कमिटीतल्या एका बाईंनी घड्याळ पाहिलं. मॅनेजर पुढे झाले, बूट सांभाळत हौदाच्या कडेला वाकले आणि जाड आवाजात म्हणाले, "हो, या."

"तुम्ही पाणी नाही," लवंगी म्हणाली. "तुम्ही मॅनेजर आहात."

मग मुलांची आपापसात कुजबुज झाली. पाणी रागावलंय, असं एकाचं मत पडलं. झोपलंय, दुसऱ्याचं. लवंगीने खाली वाकून, कान पाण्याजवळ नेऊन नीट ऐकलं आणि निकाल दिला, "त्याचा घसा बसलाय. आजारी आहे ते."

आजारी माणसाला काय करतात, हे प्रत्येक मुलाला घरून ठाऊक असतं. आधी एकजण उठला, त्याने आपला टॉवेल आणला आणि पाण्यावर अंथरला. मग बाकीची उठली. चट्टेरी, फुलाफुलांचे, बदकांचे टॉवेल एकेक करून हौदावर पसरले गेले, आणि मध्ये काकांचं डोकं उशीसारखं राहिलं. लवंगीने कडा सारख्या केल्या. मग ओठांवर बोट ठेवून सगळी मुलं चवड्यांवर चालत कपडे बदलायच्या खोलीत गेली. जाताना एकाने मॅनेजरांनाही गप्प बसायची खूण केली.

काका टॉवेलांखाली तसेच बसून होते. डोळे ओले होते, पण हनुवटीपर्यंत पाण्यात असलेल्या माणसाच्या बाबतीत तसं ठामपणे सांगता येत नाही.

त्या अर्ध्या तासात एकही मूल परवानगीशिवाय पाण्याकडे फिरकलं नाही, आणि एकाच्याही चेहऱ्यावर भीती नव्हती. लहान मुलांच्या हौदावर याहून काय हवं, असं मी कमिटीला म्हणालो. कमिटीने मला, आपण पालक का, असं विचारलं. मी मामा असल्याचं सांगितलं. त्याची नोंद घेतली गेली नाही. एकही मूल भिजलं नाही, एवढी मात्र घेतली गेली. मॅनेजर वाईट माणूस नव्हते. टॉवेल त्यांनी स्वतः काठीने ओढून काढले, वाळत घातले आणि ज्याचे त्याला घरपोच पाठवले.

काकांचा आवाज आठवडाभरात परत आला. हौद तोवर रिकामा केला होता. हल्ली ते मोठ्या तलावाच्या दाराशी पोहायच्या टोप्या विकतात. टोपी नसेल तर आत सोडत नाहीत.