पूजेतला दांडा

उद्धवरावांइतका शिस्तीचा माणूस आमच्या चाकणच्या कंपनीत दुसरा नाही. झिजलेल्या खुब्यात बसवायचे टायटॅनियमचे दांडे आमच्याकडे येतात. बारीक कणांचा मारा करून ते आधी खरबरीत करायचे, मग वर कोटिंग चढवायचं. त्या थरात माणसाचं हाड रुजतं आणि दांडा पक्का बसतो. मारा झालेल्या दांड्याला कुणी उघडा हात लावला की उद्धवराव भडकायचे. "बोटाचं तेल लागलं की थर धरत न्हाई. कुणाच्या तरी मांडीत जाणार हाय ते." मी पॅकिंगला, माझ्यावर तर कितीदा ओरडलेत.

आणि याच माणसाने खंडेनवमीला खोबरेल तेलात कालवलेलं कुंकू मशीनला लावता लावता शेजारच्या ट्रेमधल्या उघड्या दांड्यांनाही लावलं.

"अहो, हे काय करताय?" मी म्हटलं.

"रंभाबाई, देवाचं हाय ते. त्यानं काय वाईट व्हतंय?"

नंतर त्यांनी ते स्पिरिटने पुसलं. पण खरबरीत अंगातून तेल असं निघतं होय? मी मालकांना, निरंजनसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, टेस्टिंग होईलच. प्रत्येक लॉटबरोबर एका चकतीलाही कोटिंग करतात आणि थर सुटतो का ते बघतात. चकती पास झाली. होणारच की, ती कपाटात होती, तिला कुंकू कुठे लागलं होतं? तेही मी तोंडावर बोलले. पण ऑर्डर घाईची होती, माझं कोण ऐकतंय.

उद्धवराव मूळचे बीडकडचे, मोशीत आमच्याच बिल्डिंगमध्ये राहतात. त्यांच्या बायकोचा, सुमनताईंचा, खुबा पार गेलेला. बिचारी जिना बसत बसत उतरायची. उन्हाळ्यात ऑपरेशन ठरलं तेव्हा उद्धवराव साहेबांना म्हणाले, "आपल्याच कंपनीतला दांडा द्या. माझ्या हातचा तिच्या अंगात असू दे."

ऑपरेशननंतर साहेब पेढे घेऊन दवाखान्यात आले. मी तिथेच होते.

"उद्धवराव, असातसा नाही दिला बरं का," ते कौतुकाने म्हणाले. "खंडेनवमीच्या पूजेतला एक मुद्दाम बाजूला ठेवला होता. तोच दिलाय."

सुमनताईंनी हात जोडले. उद्धवरावांच्या हातातला पेढा हातातच राहिला.

पुढे सुमनताई काठी सोडून चालायला लागल्या. उद्धवराव रोज विचारायचे, दुखतंय का. त्या मला हसून सांगायच्या, "लग्न झाल्यापासून एवढी चौकशी कधी केली नाही गं यांनी." मला हसू येत नव्हतं.

परवा पुन्हा खंडेनवमी आली, कंपनीतल्या पूजेला घरच्यांनाही बोलावलं होतं. उद्धवराव कुंकवाला हात लावेनात, म्हणून सुमनताईच ताट घेऊन पुढे झाल्या. दोन पावलांवर थबकल्या आणि मशीनला धरून उभ्या राहिल्या.

"काही नाही हो. पाय टेकला की आत जरा सरकल्यासारखं होतंय. बरेच दिवस झाले. तुम्ही घाबराल म्हणून बोलले नाही."

उद्धवरावांनी त्यांना खुर्चीत बसवलं. मग साहेबांकडे वळले. "साहेब, त्या ट्रेमधले बाकीचे दांडे परत मागवा."

"कुठून मागवू?" साहेब म्हणाले. "सगळे बसवून झालेत."