उणे सदतीसातली बावीस मिनिटं

रिस्तेनआत्याविरुद्ध कंपनीकडे आजवर सात तक्रारी नोंदल्या गेल्या आहेत, आणि त्या सातही माझ्या आहेत. त्यातली एकही मी तिच्याविरुद्ध केलेली नाही. हे कसं घडलं ते मला क्रमानं लिहायचं आहे, कारण क्रम चुकला की कंपनीचं म्हणणं खरं वाटायला लागतं.

रिस्तेन माझ्या वडिलांची चुलत बहीण. नॉर्वेच्या उत्तर टोकाकडच्या आमच्या वरच्या खोऱ्यातली पाच मुलं ती रोज शाळेत नेते. एकसष्ट किलोमीटर जाताना, तितकेच येताना. गेली एकोणीस वर्षं नेते आहे. त्याआधी ती रेनडिअरच्या कत्तलखान्यात सुरी चालवायची. तिथे खांदा निकामी झाला, तेव्हा तिनं टॅक्सीचा परवाना काढला. आज तिच्या गाडीत बसणाऱ्या दोन मुलांच्या आयांनाही तिनंच शाळेत नेलं होतं. ती बोलते कमी. गाडीत कोण रडलं, कुणाचा हातमोजा हरवला, कोण आज घरून न खाता आलं, हे तिला आरशात बघून कळतं.

तीन वर्षांपूर्वी नवं कंत्राट निघालं आणि शाळेच्या गाड्या विजेवरच्याच हव्यात अशी अट आली. कंत्राट दक्षिणेतल्या एका कंपनीला मिळालं. गाडी कंपनीची, चालवणारी आमची. गावातल्या बाप्यांना हसायला विषयच मिळाला. दुकानाबाहेर ती केबल लावून उभी असली की योव्नानं विचारायचंच, "काय रिस्तेन, लेकरू अजून दूध पितंय का?" ती म्हणायची, "पितंय. तुझ्यासारखं सकाळी उठून सगळ्या गावाला धूर तरी पाजत नाही."

मला हे मुद्दाम लिहायचं आहे, कारण कंपनीच्या योस्ताइननं नंतर असं सुचवलं की म्हाताऱ्या माणसांना नवं तंत्र झेपत नाही. रिस्तेनआत्याला ती गाडी आमच्यातल्या कुणाहीपेक्षा जास्त कळत होती. कागदावर चारशे किलोमीटर जाणारी गाडी उणे पस्तीसला दीडशेच्या पुढे भरवशाची नाही, हे तिनं पहिल्याच डिसेंबरात स्वतः मोजून काढलं. रात्रभर केबल लावलेली ठेवायची, साडेपाचला उठून केबल न काढताच हीटर सुरू करायचा, म्हणजे आतली ऊब घरच्या विजेवर येते आणि बॅटरीही कोमट होते. थंडीत केबल काठीसारखी ताठ होते, ती वाकवायची नाही, हळूहळू गोल फिरवत आणायची. चार्जिंगच्या झाकणाला रबराशी जरा तेल लावून ठेवायचं, नाहीतर ते गोठून बसतं. हे सगळं ती चिठ्ठीवर लिहून इतर ड्रायव्हरांना द्यायची. कंपनीनं तसली एकही चिठ्ठी कधी दिली नाही.

कंपनीनं काय दिलं, ते या जानेवारीत कळलं. म्हणजे तिला कळलं, आम्हाला नाही. वीज जास्त जाते म्हणून कंपनीनं दक्षिणेत बसल्या बसल्या सगळ्या गाड्यांचा आतला हीटर चौदा अंशांवर बांधून टाकला. गाडीत बसून कितीही बटणं दाबली तरी चौदाच. बाहेर उणे तीस असताना काचेजवळ बसलेल्या पोराला त्या चौदातले किती मिळतात, ते दक्षिणेतल्या त्या कचेरीत कुणी बघितलं नसणार. तिथे त्या दिवशी पाऊस पडत असेल.

रिस्तेनआत्यानं आईबापांना काही सांगितलं नाही. घरातली रेनडिअरची कातडी आणून मागच्या सीटवर घातली. थर्मासमध्ये हाडांचा गरम रस्सा आणायला लागली. मुलांना तर मजाच वाटली. एका गोष्टीचा मात्र तिनं शोध लावला होता: पुढच्या काचेवरचं बाष्प घालवायचं बटण दाबलं की गाडी ते चौदाचं बंधन विसरते आणि पूर्ण ताकदीनं गरम हवा सोडते. ते ती रोज वापरत नव्हती. वापरलं तर परत येण्यापुरती वीज उरत नाही.

मला फक्त इतकंच दिसलं की माझी इंगा, सात वर्षांची, सलग तीन दिवस घरी येते तेव्हा तिच्या पायाची बोटं पांढरी असतात. मी घाबरले. घाबरलेली बाई करते तेच मी केलं: कंपनीच्या वेबसाइटच्या पानावर जाऊन लिहिलं. मी त्रोम्सो शहरात शिकलेली आहे, आमची घरची भाषा वेगळी असली तरी मला सरकारी नॉर्वेजियन नीट लिहिता येतं, त्याचा मला जरा अभिमानही होता. मुलं गाडीत गारठतात, ही सुरक्षिततेची गंभीर बाब आहे, याची जबाबदारी कोण घेणार, असं मी विचारलं. मला वाटलं मी गाडीबद्दल लिहिते आहे. त्या पानावर "तक्रार कशाबद्दल" असं विचारून चार पर्याय दिले होते: ड्रायव्हर, वेळ, स्वच्छता, इतर. मी "इतर" निवडलं होतं, हे मला पक्कं आठवतं.

त्यानंतर पाच दिवसांनी ती सकाळ आली. उणे सदतीस. घाटाच्या माथ्यावर, जिथे फोन लागत नाही, रस्त्याच्या कडेला एक मालट्रक बंद पडलेला होता. ड्रायव्हर खालून, समुद्राकडून आलेला. टाकीत तिकडचं डिझेल, ते इथे मेणासारखं झालं. पायात साधे बूट, अंगात पातळ जाकीट. इंजिन बंद होऊन तासाभराहून जास्त वेळ झाला होता आणि तो ट्रकभोवती चकरा मारत होता. इंगा म्हणाली, त्याला नीट बोलता येत नव्हतं.

रिस्तेनआत्या थांबली. इथे हिवाळ्यात उभ्या गाडीपाशी कुणीही थांबतं. त्यात ठरवण्यासारखं काही नसतं. तिनं त्याला पुढच्या सीटवर घेतलं, मागचं एक कातडं त्याच्या पायांवर टाकलं, रस्सा पाजला आणि ते काचेचं बटण दाबलं. बर्फ काढणारी रोजची गाडी येईपर्यंत ट्रक सोडून यायला तो तयार नव्हता, त्यात नाशवंत माल होता. तिनं वाद घातला नाही. बर्फाची गाडी बावीस मिनिटांनी आली, तिनं त्याला त्यांच्या हवाली केलं आणि शाळेकडे निघाली.

मुलं शाळेत उशिरा पोचली. बॅटरी नेहमी साठ टक्के असते, त्या दिवशी एकेचाळीस. शाळेच्या आवारात खांबांवर सॉकेट आहेत, पण ती जुनी, मास्तरांच्या डिझेल गाड्यांचं इंजिन गरम करायची. घड्याळावर चालतात, आठला बंद होतात. दुकानाजवळचे चार्जर दोन, त्यातला एक नोव्हेंबरपासून मेलेला. दुसऱ्यावर रांग. तिचा नंबर येईतो बॅटरी इतकी गार झाली की वीज आत थेंबाथेंबानं जायला लागली. दुपारी मुलं पन्नास मिनिटं उशिरा निघाली. चार्जरवर जास्त वेळ थांबल्यानं येताना ते काचेचं बटण दाबण्यापुरती वीज होती; घरी आली तेव्हा, पहिल्यांदाच त्या महिन्यात, इंगाचे पाय गरम होते.

पुढच्या गुरुवारी रिस्तेनआत्या माझ्याकडे आली. मी कॉफी ठेवली, आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे कपात चीजचे तुकडे टाकले. तिनं खिशातून एक कागद काढून माझ्यापुढे सरकवला. तो कंपनीचा इशारा होता. परवानगीशिवाय थांबा, बावीस मिनिटं. दोनदा उशीर. ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त वीज वापर. आणि शेवटी: मुलांना गारठवत ठेवल्याबद्दल पालकाची गंभीर तक्रार. खाली माझी वाक्यं, अवतरणचिन्हांत.

"तुझं नॉर्वेजियन छान आहे, राव्दना," ती म्हणाली. "मला एकदाही डिक्शनरी बघावी लागली नाही."

मी म्हटलं, आत्या, मी गाडीबद्दल लिहिलं होतं.

"माहीत आहे गं. गाडीला इशारा देता येत नाही ना, मग कुणाला तरी द्यायचा."

मग तिनं मला चौदा अंशांचं सगळं सांगितलं. मी तो कागद पुन्हा पुन्हा वाचला. एकाच पानावर तिच्यावर दोन आरोप होते: तिनं हीटर जास्त वापरला, आणि तिनं मुलांना गारठवलं. हे लिहिणाऱ्या माणसानं एक ओळ लिहून दुसरी लिहायच्या आधी ती वाचून तरी बघायची होती.

सोमवारी पडद्यावर बैठक झाली. मी हट्टानं तिच्या शेजारी बसले. पलीकडे योस्ताइन, कंपनीचा आमच्या भागाचा प्रमुख, जो आमच्या भागात कधी आलेला नाही. बोलायला गोड. त्याच्याकडे एक कागद तयार होता: यापुढे मुलं गाडीत असताना कुणासाठीही थांबणार नाही, फोन करून मदतीला कळवीन, असं लिहून द्यायचं, मग नोकरी चालू राहील. रिस्तेनआत्यानं सांगितलं की माथ्यावर फोन लागत नाही. तो म्हणाला, मग जिथे लागेल तिथे पोचल्यावर करायचा.

"तिथे पोचायला पंचवीस मिनिटं लागतात," ती म्हणाली. "तोवर त्या माणसानं काय करायचं?"

"ते आपल्या जबाबदारीच्या कक्षेत येत नाही."

"मग माझ्या येतं," ती म्हणाली, आणि चष्मा काढून ठेवला.

मी मध्ये पडले. म्हटलं, तक्रार माझी आहे, मी ती मागे घेते, आणि खरी तक्रार चौदा अंशांची आहे, ती लिहून घ्या. योस्ताइननं समजावणीच्या सुरात सांगितलं की नोंदलेली तक्रार मागे घेता येत नाही, पण मी नवीन पत्र पाठवू शकते. मी पाठवलं. मग आणखी पाठवलं. एकूण सहा पत्रं, प्रत्येकात रिस्तेनची बाजू, हीटरची हकीकत, त्या ट्रकवाल्याची हकीकत. प्रत्येकाला तेच उत्तर आलं: ड्रायव्हर रिस्तेन यांच्याविषयीच्या तक्रारीबद्दल आभार, ती आधीच्याच प्रकरणाला जोडली आहे. सहाव्या उत्तरानंतर तिचा फोन आला. "पोरी, आता माझी बाजू घेणं थांबव," ती म्हणाली. "अजून दोन पत्रं आली तर मला तुरुंगात घालतील." ती हसत होती. मी नाही हसले.

तिनं सही केली नाही. फेब्रुवारीच्या अखेरीला तिचं काम संपलं. शेवटच्या दिवशी ती कातडी झटकून घरी घेऊन गेली.

मार्चच्या पहिल्या सोमवारी नवा ड्रायव्हर आला. चाळिशीतला, सभ्य, त्याचा काही दोष नाही. मी दार उघडून आत हात घालून बघितला. चौदा. इंगाला आत बसू दिलं नाही. खालच्या चार घरांतही आदल्या दिवशी बोलणं झालं होतं. कुणीच मूल दिलं नाही. त्या माणसाला वाटेत कुठेही न थांबता शाळेपर्यंत जायची आज्ञा होती, तो गेला. दुपारी परत आला. तेव्हापासून रोज जातो, रोज येतो. रिकामी गाडी एकशेबावीस किलोमीटर फिरते. कंपनीनं पालकांना पाठवलेल्या महिन्याच्या पत्रकात आमच्या मार्गाचं कौतुक आहे: उशीर शून्य, थांबे शून्य, वीज वापर प्रांतात सर्वांत कमी. तक्रारी शून्य. त्या पत्रकाखाली मला समाधानी आहात का असंही विचारलं आहे, पाच चांदण्यांपैकी किती.

आम्ही पाच घरांनी वार वाटून घेतले आहेत. सोमवारी मी नेते, मंगळवारी खालच्या घरातल्या ओउलाचा बाप, असं. बुधवार रिस्तेनआत्यानं स्वतःहून मागून घेतला, तिच्या जुन्या डिझेल गाडीत. या बुधवारी मुलं शाळेत चाळीस मिनिटं उशिरा पोचली. मास्तरणीचा फोन आला, तेव्हा मी सांगितलं की आम्हाला माहीत आहे. वाटेत आत्या कुणासाठी थांबली होती, ते मी अजून विचारलेलं नाही.