मानेखालची चार बोटं जागा

त्या घरात त्याला सगळे फुंकर म्हणत. नाव स्वयंपाकीणबाईंनी ठेवलेलं. दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात चिनी बादशहाच्या दरबारातली एक फुलदाणी होती, आणि तिच्यावरची धूळ तो फडक्याने न पुसता नुसत्या फुंकरीने उडवी. कपाटाची एकुलती एक किल्ली त्याच्या कमरेला असे. एवढा विश्वास मालकांनी आपल्या दोन्ही जावयांवर टाकला नव्हता, आणि जावयांना ते माहीत होतं.

फुलदाणी राखी-हिरवट, आणि अंगभर बारीक तडे. तेच तिचं मोल. भट्टीतून निघाल्यावर माती आणि तिच्यावरची काचेसारखी झिलई सारख्या बेताने आकसत नाहीत, झिलई तडकते, आणि कारागीर त्या रेघांत काळसर रंग मुरवतो. हे आता फुंकरला तोंडपाठ होतं. बावीस वर्षांपूर्वी, कामावर लागल्याच्या चौथ्या दिवशी, नव्हतं. एवढी भारी वस्तू आणि रेघांत मळ? आधीच्या गड्याने अंगचोरपणा केला असणार, असं म्हणून त्याने धुण्याचा सोडा आणि दात घासायचा ब्रश घेतला आणि मानेखालची चार बोटं जागा लख्ख करून टाकली. तेवढ्यात मालक पाहुण्यांना घेऊन आले. "या रेघांत सहाशे वर्षं मुरलीत," ते सांगत होते. फुंकरने फुलदाणी हलकेच फिरवून ती चार बोटं जागा भिंतीकडे केली.

त्या संध्याकाळी त्याने चहा आटवून काळाकुट्ट केला आणि बारीक कुंचल्याने एकेका रेघेत भरला. बेमालूम जमलं. फक्त चहाला सहाशे वर्षं मुरायची सवय नसते. तीन महिन्यांत तो उडाला. मग पुन्हा. किल्ली दुसऱ्याच्या हाती जाऊ नये म्हणून फुंकर लेकीच्या लग्नातूनही तिसऱ्या दिवशी परतला, आणि घरात त्याच्या निष्ठेचे दाखले दिले जाऊ लागले.

आता लेकीचा रोज फोन. "बाबा, तुमची खोली तयार आहे. कधी येताय?"

"इथलं जरा आवरू दे."

"बावीस वर्षं एक भांडं आवरताय तुम्ही."

त्यात अलीकडे उजवा हात थरथरू लागला होता. शेवटी मन घट्ट करून त्याने काम सोडत असल्याची चिठ्ठी मालकांना दिली.

"जा की," मालक म्हणाले. "पण आधी तज्ज्ञांकडून तपासून घेऊ. मागाहून तुझ्यावर बालंट नको."

तज्ज्ञबाई आल्या, भिंग डोळ्याला लावून चार बोटं जागेवर बराच वेळ थांबल्या, मग तिथे नाक नेलं. मालक फोन घ्यायला बाहेर गेले होते.

"कोणता चहा वापरता?"

"घरातलाच," फुंकर म्हणाला. "बिनसाखरेचा."

"आणि आधी सोडा?"

"हो. बावीस वर्षं झाली." त्याला एकदम हलकं वाटलं. "बाई, तुम्हीच सांगा त्यांना. म्हणजे मी सुटलो."

"सुटाल कसले? सरळ चौकीत जाल. हात चांगला आहे तुमचा. मी बघते."

बाईंनी खरंच बघितलं. चार दिवसांनी अहवाल आला आणि मालकांनी तो सगळ्यांना बोलावून मोठ्याने वाचला: 'मानेखालच्या रेघांची निगा अत्यंत जाणत्या हाताने राखलेली आहे. हा हात बदलू नये.'

"साहेब," फुंकर म्हणाला, "त्या रेघा खरं म्हणजे..." आणि अडखळला. आता खरं बोलायचं तर बाईंनाही खोटं पाडायला हवं होतं. त्या त्याच्यासाठी गोत्यात आल्या असत्या.

"माहीत आहे रे, तुझा जीव आहे त्यांच्यात," मालक म्हणाले. त्यांनी काम सोडायच्या चिठ्ठीची घडी घातली आणि ती कपाटात, फुलदाणीच्या बुडाखाली सरकवायला त्याच्याच हातात दिली.

थोड्या वेळाने तो स्वयंपाकघरात आला आणि पातेल्यात मूठभर चहापत्ती टाकली. स्वयंपाकीणबाई भाजी निवडत होत्या.

"साखर नको असेल," त्या म्हणाल्या. "दर तीन महिन्यांनी तुझं तोंड कडू कसं होतं, ते कळत नाही बाई मला."

खिशात फोन वाजत होता. फुंकरने तो वाजू दिला, डाव्या हाताने उजवा हात घट्ट धरला आणि चहा आटायची वाट पाहत उभा राहिला.