गाडीखालचं कुंकू

आमच्याकडे दर अमावास्येला गाडीला आंघोळ असते. माणसांची एखाद वेळेस चुकेल, गाडीची नाही. बाबा सकाळी पाइप लावून तिला धुवायचे आणि मग आई ताट घेऊन बाहेर यायची. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चारी चाकांना हळदकुंकू, पुढच्या चाकापाशी नारळ, बंपरला लिंबू-मिरची. आमच्या दहिवलीच्या आळीत ज्याच्या त्याच्या दारात हेच. त्यामुळे अंगणातल्या कोब्यावर, पुढच्या डाव्या चाकामागे लाल ओल दिसली तर कोण दचकणार? कुंकवाचं पाणी, दुसरं काय!

ती ओल मात्र हटेना. आई खराट्याने घासायची, सोडा टाकून घासायची, आणि बोटं नाकाशी नेऊन म्हणायची, "तेलकट लागतंय मेलं." एकदा तर तरातरा दुकानात जाऊन दुकानदाराला तिने फैलावर घेतलं, "कुंकवात तेल घालतोस काय रं?" तो बिचारा देवाशपथ सांगत राहिला. आईने दुकान बदललं. नव्या दुकानातलं कुंकूही तसंच निघालं. "कलियुग आहे," म्हणाली आणि घासत बसली. मी तिथेच ओटीवर चहा पीत होते, आणि मला हसू येत होतं.

आता त्या हसण्याची आठवण झाली की जीव नुसता तळमळतो.

बाबांनी सगळी उमेद जीप चालवण्यात घालवली. ती जीप वळवायची म्हणजे दंडाचं काम. म्हातारपणी त्यांनी ही गाडी घेतली, तीही कुणीतरी दहा वर्षं वापरलेली. पण हिचं स्टिअरिंग इतकं हलकं, की पहिल्या दिवशी आळीतल्या प्रत्येकाला गाडीत बसवून त्यांनी दाखवलं. "एका बोटानं फिरतं, बघ!" ते का फिरतं, हे काही त्यांनी विचारलं नाही. ते इंजिन ऑइल बघायचे, रेडिएटरचं पाणी बघायचे, ब्रेक ऑइल बघायचे. स्टिअरिंगलाही तेल लागतं हे त्यांच्या गावीही नव्हतं. आमच्या तरी कुठे होतं म्हणा.

आमचं मूळ घर लोधिवलीचं. दहिवलीत बाबांनी नंतर बांधलं, पण भाताची दोन खाचरं तिकडेच राहिली. दोन-तीन दिवसांआड ते एकटेच गाडी काढून तिकडे जायचे. वाटेत चौक गावात चहा, मग खाचराच्या बांधावर बसून उगाच इकडेतिकडे बघणं, आणि संध्याकाळी परत. काय करता म्हणून विचारलं तर म्हणायचे, "काय नाय, बघून आलो." आम्ही कुणी बरोबर गेलेलं त्यांना आवडत नसे. ती त्यांची स्वारी होती, त्यांच्या एकट्याची.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी एकदा घरात येता येता ते म्हणाले, "गाडी कण्हते गं वळताना."

"गाडी कण्हते का तुम्ही?" आईने विचारलं. आम्ही सगळे हसलो, तेही हसले. नंतर पुन्हा एक-दोनदा म्हणाले, आणि मग म्हणायचे बंद झाले. रात्री झोपताना मात्र खांद्याला आणि दंडाला तेल चोळायला लागले. तेल हवं होतं गाडीला, आणि आई चोळून देत होती बाबांना!  आई म्हणायची, वय झालं आता, चालायचंच.

भातकापणीच्या दिवसांत रस्त्यावरून खाचराकडे वळताना, तिथल्या मोरीपाशी, गाडी वेळेत वळलीच नाही. पुढचं चाक बांधावरून खाली गेलं. लागलं कुणाला नाही. कापणीच्या बायकांनी विळे बाजूला ठेवून गाडी ढकलून वर काढली. बाबा घरी आले, हातपाय धुतले आणि किल्ली देवापुढे ठेवली.

"हात गेले माझे," म्हणाले. "याच हातांनी जीप फिरवली. आता ही एका बोटाची गाडी फिरत नाय."

मी भांडले. मला गप्प बसवतच नाही. "एकदा चाक उतरलं म्हणून कुणी गाडी सोडतं का? माझी स्कूटर तर तीनदा गटारात गेलीय!"

"आन् उद्या समोर पोर आलं म्हंजे?"

 गाडीच्या बाबतीत बाबांचं निदान कधी चुकलेलं आम्ही पाहिलं नव्हतं. लांबून टेंपो येताना आवाजावरून ते सांगायचे, बेल्ट सैल आहे याचा. त्या माणसाने सांगितलं की गाडीत नाही, माझ्यात बिघाड आहे, आणि आम्ही मान डोलावली. गाडीला निर्दोष ठरवून त्यांनी स्वतःलाच मोडीत काढलं, याचं मला आजही फार वाईट वाटतं.

खाचरं शेजाऱ्याला अर्धेलीने दिली. बाबा ओटीवर खुर्ची टाकून बसायला लागले. आधी निदान स्टेशनपर्यंत पायी जाऊन यायचे, मग कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत, मग तेही राहिलं. थंडी सरली तेव्हा चहाची बशी त्यांच्या हातात खुळखुळायला लागली होती. गाडी झाकून ठेवली होती. अमावास्येला मी ती धुवायचे, जरा वेळ चालू करून ठेवायचे, आई कुंकू लावायची, आणि बाबा खुर्चीतून बघायचे. खाली तो लाल डाग असायचाच.

वैशाखात खोपोलीला एक लग्न होतं. आईला उन्हातून रिक्षाने न्यायला नको म्हणून मी देवापुढची किल्ली घेतली. गाडी चालवायला मला बाबांनीच शिकवलेलं, ते याच गाडीवर. फाटकातून बाहेर काढताना चाक वळवलं, तर वळेना! दोन्ही हात लावले, पाठ टेकवली, दातओठ खाल्ले, तेव्हा कुठे वळलं. आणि वळताना गाडी कण्हली. अगदी माणसासारखी, लांब, खालच्या सुरात.

 मी आईकडे बघितलं. तीही ऐकत होती.

लग्न कसंबसं उरकलं, आणि दुसऱ्या दिवशी मी गाडी कर्जतच्या एका गॅरेजात नेली. गॅरेजवाल्याने कान आणि खांद्यात मोबाइल धरून बॉनेट उघडलं, एकदा स्टिअरिंग फिरवलं आणि जाहीर केलं, "पंप गेला, ताई. नवीन टाकावा लागेल." मग एका छोट्या प्लॅस्टिकच्या डब्याचं झाकण काढलं. हा स्टिअरिंगच्या तेलाचा डबा, हे मला तेव्हा कळलं. तळ दिसत होता.

"तेल कुठे गेलं यातलं?"

"जुन्या गाड्या पितात तेल."

"पितात? दारुडी आहे काय ती?" मी म्हटलं. "पंप नंतर. आधी सगळं पुसून कोरडं करा, नवं तेल भरा, आणि कुठून जातंय ते मला दाखवा."

तो कुरकुरला, पण त्याने डिझेलचं फडकं मारून सगळं स्वच्छ पुसलं. नवा डबा फोडून तेल ओतायला लागला, आणि मी बघतच राहिले. तेल लाल होतं. लालभडक, पाण्यात कालवलेल्या कुंकवासारखं.

"अगं आई गं," माझ्या तोंडून निघालं. त्याला वाटलं, मला चटका बसला.

गाडीखाली पुठ्ठा पसरला. इंजिन चालू करून तो आत बसला, मी बॅटरीचा झोत टाकत वाकले. चाकं सरळ होती तोवर सगळं कोरडं ठाक. त्याने स्टिअरिंग एका बाजूला पार शेवटपर्यंत नेलं, आणि पंपाकडून येणारा रबरी पाइप जिथे लोखंडी कॉलरमध्ये शिरतो, तिथे एक लाल थेंब फुगला. मग दुसरा. ओघळून पुठ्ठ्यावर पडले, बरोबर डाव्या चाकामागे.

"हात लावू नका, प्रेशर असतं," तो ओरडला. मग खाली उतरून स्वतः वाकला आणि जरा ओशाळून म्हणाला, "पाइप आहे. पंप बरा आहे."

सायकलची ट्यूब गुंडाळून भागेल का, विचारलं. नाही म्हणाला, एवढ्या दाबाला ती कागदासारखी फाटेल. या मॉडेलचा तयार पाइप आता कुठे मिळत नाही. शेवटी खोपोलीत डंपर आणि जेसीबीचे पाइप बनवून देणारं एक दुकान आहे, तिथे जुना पाइप नमुन्याला नेला. त्यांनी तेवढ्याच लांबीचं नवं रबर कापलं, जुनी तोंडं साफ करून त्यावर नव्या कॉलर मशीनने दाबून बसवल्या. गॅरेजवाल्याने पाइप चढवला, तांब्याचे वॉशर नवे घातले, तेल भरलं. मग पुढची चाकं जॅकवर उचलून, इंजिन बंद ठेवून, डब्यातले बुडबुडे थांबेपर्यंत मला स्टिअरिंग या टोकाहून त्या टोकाला फिरवायला लावलं. गाडी खाली घेऊन इंजिन चालू केलं. मी एक बोट लावलं. फिरलं.

एवढंच होतं. दुपारभराचं काम.

घरी येताना मी आळीच्या तोंडापासून हॉर्न वाजवत आले. आई बाहेर आली. तिला सांगितलं तर ती कोब्यावरच्या त्या डागाकडे बघत राहिली. "म्हणजे ते कुंकू नव्हतंच?" म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून आत गेली.

"बाबा," मी म्हटलं, "तुमचे हात गेलेच नव्हते. पाइप गेला होता. तुम्ही बरोबर सांगत होतात, गाडीच कण्हत होती. चला, लोधिवलीला जाऊन या. एकटे जा."

ते उठले. दाराला धरून सावकाश आत बसले. इंजिन चालू करून एका बोटाने स्टिअरिंग डावीकडे नेलं, उजवीकडे नेलं. किती दिवसांनी त्यांना हसताना बघत होते मी! "फिरतं गं," म्हणाले. "बघ, फिरतं."

मग गिअर टाकला. क्लचवरचा पाय थरथरला, गाडीने उडी मारली आणि बंद पडली. परत चालू केली. परत बंद पडली. तिसऱ्यांदा त्यांनी किल्ली फिरवलीच नाही. दोन्ही हात मांडीवर घेऊन उलटेसुलटे करून बघितले. हात थरथरत होते, मला खिडकीतून दिसत होते.

"तेव्हा बरे होते गं," म्हणाले. "आता खरंच गेले."

मी काहीतरी बोलायला गेले. सवय होईल, उद्या बघू, असलं काहीतरी. त्यांनी मान हलवली, उतरले, बॉनेटचा आधार घेत घेत पलीकडे आले आणि डाव्या बाजूला बसले. "तू चालव. खाचर बघून येऊ."

चौकला चहाला थांबू का म्हटलं, तर नको म्हणाले. मोरीपाशी मी वेग कमी केला. गाडी एका बोटाने वळली, काही आवाज न करता. बाबांनी तोंड खिडकीकडे फिरवलं.