वांग्यांचं मतदान

मगन नाना सायकलची घंटा वाजवत शाळेत शिरतात. सायकल घरी असते, घंटा खिशात. कानामागे खडू असतो. पहिलीच्या बाकावर बसतात, मग दोघांनी उठवावं लागतं. हजेरीला एखादं पोर नसलं तर स्वतःच ‘हजर’ म्हणतात. पट घसरला की शाळा बंद होईल, ही धास्ती.

नाना केळी पिकवतात. भडगावजवळच्या आमच्या गावात ते शाळा समितीचे अध्यक्ष. शाळा जिल्हा परिषदेची. वर्ग चार, खोली एक, शिक्षिका एकच, नूतन मॅडम.

यंदा थंडीत शिक्षण खात्याच्या बाई येणार होत्या. गावाने शाळेची पहिली गरज सांगायची, एकच. नानांना दुसरा शिक्षक हवा होता. भावकीतल्या वना भाऊंना शाळेला कमान हवी होती, वर त्यांच्या वडिलांचं नाव.

हात वर करून मत घेतलं तर भाऊबंदकी पेटते. म्हणून नानांनी आपल्या घराच्या ओसरीत दोन टोपल्या ठेवल्या. एक शिक्षकाची, एक कमानीची. घरटी एक वांगं टाकायचं. वांग्यावरून घर ओळखू येत नाही. मी साहित्य शिकलो. लोकशाहीचं हे रूप अभ्यासक्रमात नव्हतं.

दुपारपर्यंत शिक्षकाची टोपली शिगोशीग भरली. नाना खुशीत बाईंना आणायला एसटी स्टँडवर गेले.

घरी परतताना पुष्पाबाईंनी ओसरी पाहिली. पुष्पाबाई म्हणजे नानांच्या मंडळी. शेतातून आलेल्या, त्यांना मतदानाचं कोणी सांगितलंच नव्हतं. पाहुणे येणार आणि टोपल्याभर हिरवी वांगी. खान्देशात याचा अर्थ एकच होतो. कपाशीच्या काड्या पेटल्या.

मी पोहोचलो तेव्हा त्या मुसळाने मिरची-लसूण कुटत होत्या.

नाना बाईंना घेऊन आले. वास आला तसे थबकले.

“मतं कोठे शेतस?”

“कसानी मतं? भरीत शे. बठ्ठं कुटाई गयं.”

“दोन्ही टोपल्या?”

“मंग काय, पाहुणास्ले अर्धं भरीत वाढू?”

वना भाऊ लगेच पुढे झाले. “कमाननाच वांगा जास्त व्हतात, नाना.”

“तुना वांगास्मा किडा व्हतात!”

बाई जेवायला बसल्या. दुसऱ्यांदा वाढून घेतल्यावर म्हणाल्या, “बरं, हात वर करा. शिक्षक कोणाला हवा?”

त्याच वेळी पुष्पाबाईंनी विचारलं, “भरीत कोणाले?”

गावाने एकदिलाने हात वर केले. वना भाऊंचे तर दोन्ही.

“ठरलं,” बाई म्हणाल्या. “मागणी शाळेच्या भिंतीवर रंगवा. सोमवारी फोटो काढायला माणूस येईल. भिंत कोरी दिसली, तर तुमचं गाव यादीत नाही.”

शनिवारी नाना शिडीवर चढले. ‘आमची पहिली’ लिहिलं. आतून मॅडमची हाक आली, “नाना, तिसरीची मारामारी सोडवा!” उतरले. पुन्हा चढले. ‘गरज’ लिहिलं. “नाना, पहिलीला गाणं घ्या, मी चौथीचं गणित घेते!” उतरले. पोरांना गाणं आवडलं. आणखी एक मागितलं.

आज सोमवार. भिंतीवर ‘आमची पहिली गरज : दुसरा’ एवढंच आहे. शिडी लागलेली आहे, ब्रश डब्यात बुडालेला आहे. आतून घंटा ऐकू येते. नाना दुसरीला पाढे म्हणवतायत. रस्त्यावर फोटोवाल्याची मोटारसायकल दिसते आहे.